आबांच्या मिशीपर्यंत

दसरा उलटतो, पहाटे गोधडी अंगावर ओढावीशी वाटायला लागते आणि एक दिवस रस्त्यावरून उसाची पहिली ट्रॉली करकरत जाते. मागं डांबरावर उसाची टिपरं सांडलेली असतात. वाऱ्यावर कारखान्याच्या मळीचा वास येतो आणि माझा हात आपोआप सदऱ्याच्या कॉलरच्या आत जातो. तिथं, गळ्याच्या उजव्या हाडावर, चार बोटांएवढी कातडी बधिर आहे. खाजवलं तर कळत नाही, आणि खाजवल्याशिवाय राहवत नाही. डॉक्टर म्हणाल्या होत्या, वरची बारीक नस कापली गेली की एवढं राहतंच, होईल सवय. झाली नाही. बायको चहा ठेवता ठेवता विचारते, "आला का हंगाम?" मी म्हणतो, आला.

मी पेंटर आहे. आमच्याकडं माणसाला धंद्यावरून हाक मारतात, त्यामुळं रशीद हे माझं नाव रेशनकार्डाला आणि सासऱ्यांना तेवढं ठाऊक. कडेगावपासून सायकलच्या अंतरावर आमचं गाव. दुकानांच्या पाट्या फ्लेक्सनं कधीच खाल्ल्या, पण ट्रॉलीच्या पत्र्यावर फ्लेक्स टिकत नाही. ऊस घासून चार खेपांत त्याची लक्तरं होतात. म्हणून खंडेनवमीच्या आत पंचक्रोशीतल्या ट्रॉल्या माझ्याच हातून जायच्या. मागच्या फाळक्यावर पोरांची नावं, बाजूला फुलं, आणि पुढच्या उंच पत्र्यावर मालकाचं नाव ठसठशीत. त्या पुढच्या पत्र्यासाठी स्टुलावर उभं राहून उजवा हात डोक्याच्या वर धरावा लागतो, सकाळपासून ऊन उतरेपर्यंत. वीस-बावीस वर्षं मी तो तसा धरला.

आणखी एक आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं गैरसमज नको. मी क्षमा वगैरे करणारा माणूस नाही. मी डूख धरतो. चौथीत असताना माझी रंगपेटी ज्यानं लांबवली, तो आता कडेगावात कापडाचा मोठा व्यापारी आहे, आणि अजूनही त्याच्या दुकानात गेलो की मी त्याच्या बायकोसमोर विचारतो, "रंगपेटी सापडली का रं?" तो कसनुसा हसतो. मला बरं वाटतं.

तर त्या वर्षी खंडेनवमीला दोन दिवस राहिले होते आणि मी सुभेदार आबांच्या नव्या ट्रॉलीच्या पुढच्या पत्र्यावर होतो. आबा म्हणजे आमच्या गावचे निवृत्त सुभेदार. दोन ट्रॅक्टर, पांढरेशुभ्र कपडे, दोन्ही टोकं वर वळवलेल्या मिशा. सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही. पलटण सोडून किती वर्षं झाली तरी माणूस अजून बाजारातनं कोथिंबीर आणायला निघाला तरी परेडला निघाल्यासारखा निघतो. गाव त्यांना मानायचं. मीही मानायचो, हे कबूल करायला आज जीभ रेटत नाही, पण मानायचो.

'सुभेदार' लिहायचं होतं. पहिली दोन अक्षरं झाली. गेले काही महिने हात वर धरला की करंगळीत मुंग्या यायच्या, पंजा गार पडायचा, मी झटकून परत कामाला लागायचो. त्या दिवशी झटकायलाही वेळ मिळाला नाही. बोटं थरथरायला लागली, रेघ वाकडी गेली आणि तांबड्या रंगानं भरलेला ब्रश हातातून सुटून खाली उभ्या असलेल्या आबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला.

"खाली उतर," आबा म्हणाले. "हात पुढं कर."

मी केला. चौकातल्या चहाच्या गाड्यावरची माणसं उठून जवळ आली. माझी बोटं पिंपळपानासारखी हलत होती. थांबवू म्हटलं तर जास्तच.

"असली बोटं पलटणीत लय बघितल्यात मी. कवापास्नं घ्यायला लागलास?"

"काय आबा?"

"दारू."

"आवं आबा, मी थेंबाला शिवत न्हाई. आमच्यात तर..."

"सगळ्यांच्यात न्हाईच म्हणत्यात. वास येतोय तोंडाला."

वास थिनरचा होता. दोन ब्रश वापरताना एक दातात धरायची आम्हा पेंटर लोकांची सवय असते. हे मी सांगितलं. अल्लाची शपथ घेतली. आबांनी हात वर केला, जसा ते ध्वजवंदनाला पोरांना गप्प करायला करतात तसा, आणि म्हणाले, "शपथ नगं घालूस. आदी तोंड धू. माझ्या ट्रॉलीला बेवड्याचा हात नगं." आणि कडेगावातनं दुसरा पेंटर आणून उरलेली अक्षरं त्याच्याकडनं लिहून घेतली. त्यानं 'दा' इतका घाणेरडा काढला होता की ती ट्रॉली समोरून आली की मी मान फिरवायचो.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवसापासून माणसं माझी गळाभेट घ्यायला लागली. ईद नव्हती, काही नव्हतं. गळ्यात पडायचं, नाक माझ्या तोंडाजवळ न्यायचं, "बरं हाय न्हवं?" विचारायचं आणि निघायचं. ठरलेल्या ट्रॉल्या एकेक करून दुसरीकडं गेल्या. शाळेच्या भिंतीचं काम गेलं. सगळ्यात वर्मी लागलं ते मशिदीच्या कमानीचं. कमिटीतले एक बुजुर्ग घरी आले, खाली मान घालून बसले, म्हणाले, "यंदा कमान राहू दे, पुढं बघू." त्यांनी कारण सांगितलं नाही. मी विचारलं नाही. ते गेल्यावर बायको कणीक मळत होती ती तशीच सोडून आत जाऊन बसली, आणि मी ठरवलं की सुभेदाराचं हे उसनं मी ठेवणार नाही.

हात मात्र बिघडतच गेला. सदऱ्याची बटणं लागेनात. डोक्यात कंगवा फिरवताना हात अर्ध्यात पडायचा. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तो वाळून खड्डा पडायला लागला. आधी मणक्यातली गॅप म्हणून पट्टा घालून फिरलो. मग सुया झाल्या, मालीश झालं, कुणीतरी म्हणालं मनाचं आहे. शेवटी सांगलीला एका मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर मॅडम भेटल्या. त्यांनी मला दोन्ही हात पोलिसापुढं चोर करतो तसे वर करायला लावले आणि मुठी उघड-मीट करा म्हणाल्या, तीन मिनिटं. एक मिनिटही झालं नसेल. उजवा पंजा पांढरा पडला, करंगळी मेली, हात आपोआप खाली आला. मग एक्स-रे. तो दिव्यापुढं धरून मॅडम म्हणाल्या, "ही बघा. मानेपाशी एक जास्तीची बरगडी आहे. जन्मापासूनची. ही आणि खालची, दोघींच्या मधे हाताच्या नसा चेंगरतायत." रोगाचं नाव थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. मी ते कागदावर लिहून घेतलं, डाव्या हातानं.

मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला काही झालेलं नाही असं किती दिवस ऐकताय?" मला रडू आलं. एवढा बाप्या माणूस, ओपीडीच्या स्टुलावर बसून रडलो. बायको शेजारी होती. घरात आम्ही आपली मुसलमानी बोली बोलतो, पण कुणाची उतरवायची असली की ही मराठीत येते. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाईमाणूस बरगडीपास्नं झालंया म्हणत्यात. तुमच्याकडं एक जादा निघाली. म्हंजे दुसरी करायचा इचार हुता काय?" दवाखान्याच्या जिन्यात आम्ही दोघं हसत उभे होतो, लोक बघत होते. कैक महिन्यांनी हसलो होतो.

थंडी सरता सरता ऑपरेशन झालं. गळ्याच्या हाडावर चीर देऊन जास्तीची बरगडी आणि तिच्या खालची, दोन्ही काढल्या. शुद्धीवर आलो तेव्हा कुशीतून नळी बाहेर आलेली, उजवा खांदा कुणीतरी फाळक्याला खिळल्यासारखा जड. नर्सनं गोट्यांसारख्या तीन गोळ्यांचं एक प्लास्टिकचं यंत्र हातात दिलं. नळीतून श्वास ओढायचा आणि गोळ्या वर न्यायच्या, फुप्फुस फुलायला. पहिल्या दिवशी एकही गोळी हलेना. मग मी डोळे मिटले आणि आबांचा तो वर केलेला पंजा आठवला. एक गोळी टुणकन वर गेली.

गावाला यायचा धीर नव्हता. आधीच लोक वास घेत होते, आता तर गळ्याला पट्टी. म्हणून टाके निघाल्यावर साताऱ्याला बहिणीकडं, शमाकडं, गेलो. शमाचे मालक औद्योगिक वसाहतीत कामाला, घर वरच्या मजल्यावर, खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात रिकामा काळ. पाण्याचा तांब्या उचलायचा नाही, कूस बदलायची नाही, तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचं. सकाळी किल्ल्यावरचं ऊन खाली उतरताना बघायचं, खालून स्ट्रॉबेरीवाल्याची हाक ऐकायची, आणि सबंध दिवस सुभेदाराचं काय करायचं याचा विचार करायचा. ट्रॅक्टरच्या डिझेलमधे साखर टाकावी असं पहिल्या आठवड्यात वाटायचं. दुसऱ्या आठवड्यात वाटलं की त्यांच्या घराच्या भिंतीवर गाढवावर बसलेला सुभेदार काढावा. नसा सुधारायला लागल्या तसा माझा सूडही सुधारत गेला. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ठरलं, काही नको. भर चौकात, त्याच गाड्यासमोर, डोक्याच्या वर हात धरून सरळ रेघ मारून दाखवायची. बस्स. तेवढ्यानं सुभेदार मेला पाहिजे.

फिजिओथेरपी शिकवायला एक मुलगी यायची. भिंतीसमोर उभं राहायचं आणि उजव्या हाताची बोटं मुंगीसारखी भिंतीवरून वर चालवायची, जातील तितकी. पहिल्या दिवशी बोटं छातीपाशीच थांबली. ती गेल्यावर मी शमाकडनं पेन्सिल घेतली आणि भिंतीवर, हात पूर्ण वर केला तर जिथं पोचेल तिथं, खुर्चीवर चढून आबांचं तोंड काढलं. डाव्या हातानं काढलं, त्यामुळं नाक वाकडं आलं, पण मिशा झकास जमल्या. मग रोज बोटं तिथवर न्यायची. जिथं थांबतील तिथं खूण करायची.

शमाच्या सासूबाईंनी विचारलं, "ह्ये कोण?" मी म्हणालो, "डॉक्टर हायत, सांगलीचे मोठे." तेव्हापासून म्हातारी येता-जाता त्या चित्राकडं बघून म्हणायची, "बाबा, ह्या माझ्या पोराला लवकर बरं कर रं." शमा तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळायची.

फिजिओच्या मुलीला मात्र दोन दिवसांत कळलं. म्हणाली, "काका, रागानं करताय तुम्ही. त्यामुळं खांदा कानाकडं चढतोय. राग खांद्यात नको, बोटांत ठेवा." मी तसं केलं. तिला मी आजही दुवा देतो, इतका उपयोगी सल्ला मला कुणी दिलेला नाही.

रमजान त्याच काळात आला. खजूर उजव्या हाताच्या चिमटीत धरून तोंडापर्यंत नेणं हाच व्यायाम होता. नमाजाला उभा राहिलो की तकबीरला डावा हात कानापर्यंत जायचा, उजवा छातीशीच अडायचा. एकोणिसाव्या रोजाला तो कानाच्या पाळीला लागला. डोळे भरून आले, मनातल्या मनात अल्लाचा शुक्र मानला, आणि पाठोपाठ, अल्ला माफ करो, सुभेदार मनात आला. नमाज तेवढी परत पढली.

ईदच्या पुढच्या आठवड्यात बोट आबांच्या मिशीला लागलं. मी शमाला हाक मारली, म्हातारीला हाक मारली. तिघांनी मिळून शिरखुर्मा केला, जरी ईद उलटून गेली होती.

उन्हाळा आणि पावसाळा मी गावात, घराच्या मागच्या भिंतीवर रेघा मारण्यात घालवला. आधी बोटभर, मग वीतभर. बायको चुना देऊन पुसायची, मी परत मारायचो. अंगठ्याच्या मुळाचा खड्डा पूर्ण भरला नाही, पण ब्रश धरला जायला लागला. खंडेनवमी जवळ आली तसा मी आबांच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "आबा, ट्रॉलीचा पुढचा पत्रा ह्या वर्षी मी लिवणार. चौकात. फुकट." ते माझ्याकडं बघून म्हणाले, "लिव."

त्या दिवशी ऊन छान होतं. चहाच्या गाड्यावर गर्दी. मी स्टुलावर चढलो, हात डोक्याच्या वर नेला आणि टेप न लावता, दोरा न धरता, पत्र्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एका दमात रेघ ओढली. मग अक्षरं लिहिली. करंगळी जिवंत होती, पंजा गरम होता. मी खाली उतरलो, हात आबांच्यापुढं धरला. एक बोट हलत नव्हतं. एवढ्या एका क्षणासाठी मी सात-आठ महिने भिंती चढलो होतो.

आबांनी माझा हात हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला, आणि गर्दीकडं वळून म्हणाले, "सुटली! बघितलंसा का? पेंटरची सुटली!"

"काय सुटली आबा?"

"दारू रं. मी इथं भर चौकात लाज काढली, म्हणून सुटली. न्हाईतर मेला असतास."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कॉलर खाली ओढून व्रण दाखवला, म्हटलं ऑपरेशन झालंय, बरगडी काढली. एक जण हळहळून म्हणाला, "दारू आतनं खातीच की गड्या." कुणीतरी चहा पाजला. तो चहा मी प्यालो.

पुढचे तीन महिने माझी जी भरभराट झाली ती शत्रूचीही होऊ नये. सगळ्या ट्रॉल्या परत आल्या. कमिटीचे बुजुर्ग हसत आले, "तोबा करणाऱ्याला अल्ला माफ करतो" म्हणाले आणि कमान देऊन गेले. बायको म्हणाली, "आता गप बसा, काम मिळतंय न्हवं?" पण कामासाठी मी हात वर केला नव्हता. मला माझं नाव पाहिजे होतं, आणि गाव मला सुधारलेला बेवडा म्हणून डोक्यावर घेत होतं. खालच्या आळीतल्या सुमनवहिनी तर आपल्या नवऱ्याला, बबनला, दंडाला धरून घेऊन आल्या. म्हणाल्या, "भावजी, ह्यांस्नी सांगा तुमी कशी सोडली." मी म्हणालो, "वहिनी, मी कवा प्यालोच न्हाई." त्या म्हणाल्या, "सगळं असंच म्हणत्यात. पर तुमी सोडली तर खरी." त्या बाईच्या तोंडाकडं बघून मला नाही म्हणवेना. मी बबनला भिंतीवर बोटं चढवायला शिकवलं. महिनाभर तो निष्ठेनं चढवत होता. दारू सुटली नाही, खांदा मात्र मोकळा झाला.

जानेवारीत निरोप आला. सव्वीस तारखेला ध्वजवंदनानंतर शाळेच्या मैदानावर व्यसनमुक्तीचा कार्यक्रम, अध्यक्ष सुभेदार आबा, सत्कारमूर्ती मी. बायको म्हणाली, जाऊ नका. मी म्हणालो, जाणार. त्या माईकवरनं खरं काय ते एकदा सांगून टाकणार. पिशवीत एक्स-रे घातला. तो बघितल्यावर तरी लोकांचे डोळे उघडतील असं मला वाटलं होतं.

आबा ब्लेझर घालून आले होते, छातीवर पदकं. त्यांनी मला शाल घातली, नारळ दिला आणि माईक ओढून सांगितलं की एका माणसाला जरी आपण गटारीतनं बाहेर काढलं तरी जन्माचं सार्थक होतं. मग माईक माझ्याकडं आला. पिशवीतनं मी एक्स-रे काढला आणि उन्हाकडं धरला, सगळ्यांना दिसेल असा. म्हणालो, "ह्ये बघा. ही हाय माझी दारू."

पहिल्या रांगेतनं आवाज आला, "काय हाय ते?"

दुसरा म्हणाला, "लिव्हर असंल. दारूनं लिव्हर जातंय, त्येचा फोटू हाय."

"आरारारा..." बायका हळहळल्या. सुमनवहिनींनी बबनला कोपर मारून म्हटलं, "बघा, बघा." आणि आबांनी समजूतदारपणे मान हलवली, मिशीला हात लावला.

तिथं मला कळलं की खरं सांगून माझं नाव परत मिळायचं नाही. मग मी एक्स-रे गुंडाळून पिशवीत ठेवला, शाल नीट केली, आणि शांतपणे बोललो.

"आबा म्हणाले ते खरं हाय. त्यांच्यामुळंच सुटली. कारण मला पाजत हुते ते बी आबाच."

आबा स्वतः पीत नाहीत, पण मिलिटरीच्या कॅन्टीनचा महिन्याचा दारूचा कोटा साताऱ्याहून न चुकता आणतात हे सगळ्या गावाला माहीत. त्यातली वायरमनला देतात, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला देतात, कुणाकुणाचं काम करून घेतात. मागनं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "तरीच! कोटा कुटं मुरतोय म्हणतोय मी." आणि मग हशा फुटला. पोरं हसली, बाया हसल्या, सरपंचांनी रुमाल तोंडाला लावला.

आबा उठले. "खोटं हाय! मी जन्मात थेंबाला शिवलो न्हाई! कुणाला पाजली न्हाई!"

"सगळ्यांच्यात न्हाईच म्हणत्यात, आबा," मी माईकवरच म्हणालो.

घरी आल्यावर दारात चपला काढताना बायको म्हणाली, "आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन केलासा." मी म्हणालो, "नाक माझं हुतं." ती म्हणाली, "न्हाई. माझं बी हुतं." पण जेवण मात्र मला त्या दिवशी फार गोड लागलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा आले. एकटे, चालत, साध्या सदऱ्यावर. खुर्ची दिली, बसले नाहीत.

"पेंटर, तू पीत न्हाईस हे मला ठाऊक हाय."

"कवापास्नं?"

"तुझं ऑपरेशन झालं तवापास्नं. सांगलीला माझा साडू तुझ्या शेजारच्या खाटंवर हुता. बरगडी काढली म्हणाला."

म्हणजे चौकात 'सुटली' म्हणून ओरडताना त्यांना माहीत होतं. शाल घालताना माहीत होतं.

"मग बोलला का न्हाईसा?"

"चारचौघांत बोललेलं माघारी कसं घ्यायचं रं? सुभेदार माणूस मी." मग त्यांनी पायांकडं बघत सांगितलं की सुना त्यांच्यासमोर हसतात, नातू विचारतो आजोबा तुमी दारू विकताय का. म्हणाले, "आपण दोघं चौकात जाऊ. मी सांगतो, पेंटर कवा प्याला न्हाई, चूक माझी. तू सांग, आबानं कवा पाजली न्हाई. दोघं बी सुटू."

माझं नाव दारात चालत आलं होतं, तेही सुभेदाराच्या तोंडून. आत बायको भांडी घासायची थांबली होती. तिची मान हो म्हणून हलताना मला दिसत होती. मी आबांच्याकडं बघितलं. त्यांच्या मिशा त्या दिवशी खाली आलेल्या होत्या.

"इचार करतो," मी म्हणालो.

त्याला हा तिसरा हंगाम. आबा आता काठी घेऊन चालतात. कमानीकडं बघून अजून कुणीतरी नव्या माणसाला सांगतं की हे लिहिणारा आधी लय प्यायचा, आणि बायकोच्या ते कानावर पडतं. हे सगळं मला कळतं. यंदाही त्यांचा ड्रायव्हर आला, ट्रॅक्टर दारात बंद केला, डोक्याची टोपी काढली आणि म्हणाला, "आबांनी इचारलंय, इचार झाला का?"

बायको दारात येऊन उभी राहिली, माझ्याकडं बघत.

"चाललाय म्हणावं," मी म्हणालो.